रविवारी राजा मरणार

भालचंद्रराव आष्टीकरांनी जन्मात कुणाला मारलं नव्हतं. घरात झुरळ निघालं तर ते स्टुलावर चढायचे आणि तिथून रजनीबाईंना मार्गदर्शन करायचे. जालन्याच्या पाटबंधारे कचेरीत ते वरिष्ठ लिपिक होते. एवढ्या वर्षांत त्यांनी हाताखालच्या माणसावर आवाज चढवल्याचं कुणाला आठवत नव्हतं. (हाताखाली माणूस नव्हता हेही एक कारण होतं.) अशा या माणसानं एका बुधवारी, सकाळच्या चहाच्या वेळी, भर कचेरीत एका राजाच्या खुनाची जबाबदारी आपणहून अंगावर घेतली.

झालं असं, की रजनीबाई गेली तीन वर्षं मोबाईलवर एक लांबलचक अद्भुत कादंबरी लिहीत होत्या. वाचनाचं एक अ‍ॅप असतं, त्यावर दर रविवारी एक भाग यायचा. नाव 'सातबुरुज'. त्यात बोलणारी नदी होती, सावल्यांची फौज होती, पंख फुटलेले घोडे होते, आणि या सगळ्यांच्या डोक्यावर बसलेला एकोणीस वर्षांचा राजा रणकेतू होता. हा रणकेतू म्हणजे कार्टं होतं. ज्या दाईनं त्याला अंगाखांद्यावर वाढवलं तिला गादीवर आल्या आल्या त्यानं पागेत लीद काढायला लावलं. म्हाताऱ्या सेनापतीला दरबारात लंगडी घालायला लावली. आणि ऐन दुष्काळात गावची विहीर बंद करून तिचं पाणी हत्तीच्या आंघोळीला वळवलं. बाकीचं जालन्याच्या बायकांनी एक वेळ पोटात घातलं असतं, पण पाण्याचं नाही. जिथं नळाचा दिवस बघून पाहुण्यांना बोलावणं जातं, तिथं असला राजा कोण सहन करणार? दर रविवारी भाग आला की खाली वाचकांचे शिव्याशाप सुरू व्हायचे आणि सगळ्यांचा प्रश्न एकच असायचा, हा मरतो कधी?

भालचंद्ररावांनी यातली एक ओळ वाचलेली नव्हती. घरातलंच आहे, कधीही वाचता येईल, असं ते तीन वर्षं म्हणत आले होते. बायको लिहिते हे त्यांना माहीत होतं, जशी ती उन्हाळ्यात पापड करते हे माहीत होतं. फरक इतकाच की पापड त्यांनी खाल्लेले होते.

त्या बुधवारी नव्यानं आलेल्या उपअभियंता रूपाली मॅडमनी त्यांना केबिनमध्ये बोलावलं. कुठली फाईल अडकली असेल या विचारानं भालचंद्रराव घाम पुसत आत गेले. मॅडमनी दार लोटायला सांगितलं आणि हळू आवाजात विचारलं, की 'सातबुरुज' लिहिणाऱ्या रजनी आष्टीकर तुमच्या कोण. मिसेस, असं भालचंद्ररावांनी सांगताच मॅडम खुर्चीवरून उठून उभ्या राहिल्या. उभ्या नोकरीत भालचंद्ररावांसाठी कुणी अधिकारी उठला नव्हता. (एकदा एक साहेब उठले होते, पण तेव्हा खोलीत गांधीलमाशी आली होती.) त्यांना एकदम उंच झाल्यासारखं वाटलं.

"मला एकच सांगा, आष्टीकर," मॅडम म्हणाल्या. "तो रणकेतू मरणार आहे की नाही?"

आता इथं 'मला माहीत नाही' असं म्हणायला काय हरकत होती? पण समोर अधिकारी उभा आणि आपण नुसते 'माहीत नाही' म्हणून परत फिरायचं, हे त्यांच्या जिवावर आलं.

"मरणार," ते म्हणाले. "या रविवारीच."

"नक्की?"

"बिलकुल नक्की. मीच सांगितलंय तिला. मला विचारल्याशिवाय ती कुणाला मारत नाही."

जेवणाच्या सुट्टीपर्यंत ही बातमी कचेरीभर झाली. हिशेब शाखेतल्या अक्षतानं त्यांना गाठून, राजाला त्याच विहिरीत टाका म्हणून गळ घातली. जीपवरच्या राधेश्यामचं म्हणणं, त्याला पंखाच्या घोड्याला उलटा बांधावा आणि परतूरपर्यंत नेऊन वरून सोडावा. परतूरच का, असं विचारल्यावर त्यानं तिथं आपली सासुरवाडी असल्याचं सांगितलं. भालचंद्रराव प्रत्येकाचं ऐकून घेत होते आणि 'बघू, बसवू' म्हणत होते. तेवढ्यात रूपाली मॅडमनी जाहीर केलं, की असा प्रसंग घरोघरी एकेकट्यानं मोबाईलवर वाचायचा नसतो. वाचनालयाचा हॉल त्या मिळवतील, रविवारी संध्याकाळी रजनीताईंनी तो भाग सगळ्यांसमोर वाचावा, आणि राजा मेला रे मेला की वाटायला पेढे त्या स्वतः आणतील. भालचंद्ररावांनी या सगळ्याला मान डोलावली आणि वर, फ्लेक्सचं माझ्याकडे लागलं, असंही सांगून टाकलं.

घरी आले तेव्हा रजनीबाई शेंगदाण्याचं कूट करत होत्या. भालचंद्ररावांनी मोठ्या तोऱ्यात सगळी हकिकत सांगितली. रजनीबाईंनी मिक्सर बंद केला.

"रणकेतू मरणार नाहीये," त्या म्हणाल्या.

त्यांचं सगळं ठरलेलं होतं. राजा जंगलात वाट चुकणार होता, बोलणाऱ्या नदीकाठी त्याला उपरती होणार होती आणि तो शहाणा होऊन परत येणार होता. तीन वर्षं त्यांनी त्या पोराला वाढवलं होतं. तो वाईट होता, पण त्यांचा होता. लेक स्वरा लहानपणी हट्टाला पेटली की जशी पाय आपटायची तसे त्याला पाय आपटायला त्यांनीच शिकवलं होतं.

प्रकरण हाताबाहेर चाललंय हे पाहून भालचंद्ररावांनी तडजोड सुचवली. "मग असं कर, दुसरा एखादा राजा मार."

"दुसरा राजाच नाही त्यात," रजनीबाई म्हणाल्या. मग त्यांनी शांतपणे विचारलं, की त्या दाईचं नाव काय. भालचंद्ररावांनी पंख्याकडे पाहिलं. सेनापतीचं नाव काय, असं विचारल्यावर त्यांनी कॅलेंडरकडे पाहिलं. रजनीबाई भांडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी कुटाचा डबा लावला आणि आत जाऊन झोपाळ्यावर बसल्या. तीन वर्षं आपण ज्या घरात बसून लिहितोय त्या घरातलाच माणूस एक ओळ न वाचता गावभर आपल्या लिखाणाचा धनी म्हणून मिरवतोय, हे त्यांना लागलं होतं. भालचंद्ररावांना तेही कळलं आणि त्यांना अन्न गोड लागेना. (तसं त्या दिवशी जेवणात कारलंच होतं.)

गुरुवारी त्यांनी ठरवलं, की घोळ आपण घातला तर निस्तरायचाही आपणच. राजा मारायला असं किती लागतं? कचेरीत दुपारी एक कोरा कागद घेऊन त्यांनी स्वतःच खून लिहून काढला आणि संध्याकाळी रजनीबाईंपुढे ठेवला. त्यात असं होतं:

'उपरोक्त विषयान्वये सादर करण्यात येते की, विषयांकित राजा श्री. रणकेतू हे त्यांच्या शयनगृहात विश्रांती घेत असताना अज्ञात इसमाने त्यांच्यावर तलवार चालविली. सबब सदर राजा हे जागीच मयत झाले आहेत. तरी सिंहासन रिक्त झाले असल्याने पुढील उचित कार्यवाहीस्तव सविनय सादर.'

रजनीबाईंनी ते उभ्यानं वाचायला घेतलं. 'सबब' पर्यंत त्या गंभीर होत्या. 'पुढील उचित कार्यवाही'ला त्यांनी ओट्याचा आधार घेतला आणि मग खाली बसून डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसल्या. भालचंद्ररावांना वाटलं, आवडलं. हसू ओसरल्यावर त्या म्हणाल्या, "आधी वाचा तरी त्याला. ज्याला मारायचं त्याची ओळख नको?"

शुक्रवारी त्यांनी रजा टाकली आणि सकाळी अंघोळ करून, देवापुढे बसावं तसे मोबाईल घेऊन बसले. पहिल्या भागाला चष्मा दोनदा पुसला. पाचव्या भागाला आलेला चहा निवला. सेनापतीच्या लंगडीपाशी ते उठून घरभर फिरले. विहीर बंद झाली तेव्हा त्यांनी मोठ्यानं 'अरे नालायका' म्हटलं, आणि शेजारच्या पुष्पाबाईंनी खिडकीतून डोकावून, पाणी गेलं का म्हणून विचारलं. जेवायला बोलावलं तर ते नंतर म्हणाले, आणि नंतर बोलावलं तर ओच देईनात. पण त्यांना सगळ्यात नवल वाटलं ते वेगळ्याच गोष्टीचं. हे सगळं रजनीनं केलं होतं. ती नदी, त्या सावल्या, ते अख्खं राज्य, कपडे वाळत घालता घालता, कुकरच्या शिट्ट्या मोजता मोजता. आणि आपण शेजारच्या खोलीत बसून क्रिकेट पाहत होतो.

चार वाजता ते स्वयंपाकघरात आले आणि माठातलं पाणी घेऊन घटाघट प्यायले. रजनीबाई भाजीला फोडणी देत होत्या.

"याला मारलंच पाहिजे," ते म्हणाले. "पण पोरगं बिचारं एकटं आहे गं. कुणावर म्हणून विश्वास नाही त्याचा. मी म्हणतो, तहान लागली तर हा पाणी तरी कुणाच्या हातचं पीत असेल?"

रजनीबाईंच्या हातातला झारा तसाच राहिला. त्या भालचंद्ररावांकडे पाहत राहिल्या. मग त्यांनी गॅस बंद केला, पदराला हात पुसले, मोबाईल उचलला आणि झोपाळ्यावर जाऊन लिहायला लागल्या. आपण काय बोललो ते भालचंद्ररावांना समजलं नाही. भाजी अर्धवट राहिल्याचं मात्र समजलं.

पण राजा मरणार, एवढं रजनीबाईंनी संध्याकाळी झोपाळ्यावरूनच सांगितलं, तेव्हा त्याच आनंदात त्यांनी फ्लेक्सवाल्या बबलूला मजकूर धाडला. 'राजा रणकेतूचा अंत. रविवार संध्याकाळी, वाचनालय सभागृह. सर्वांनी उपस्थित राहावे. सौ. रजनी भालचंद्र आष्टीकर.' सोबत रजनीबाईंचा फोटो. आणि पाठवायला बोट पुढं जाता जाता त्यांनी निमंत्रक म्हणून आपलाही एक फोटो घातला, जुना, केस असतानाचा.

शनिवारी सकाळी कोथिंबीर आणायला म्हणून ते भोकरदन नाक्यापर्यंत गेले आणि तिथं त्यांनी स्वतःला पाहिलं. आडवा, मोठा फ्लेक्स होता. मधोमध केस असलेले भालचंद्रराव, गळ्यात गुलाबाचा हार, दोन्ही बाजूंना समया. वर 'भावपूर्ण श्रद्धांजली'. खाली 'राजा रणकेतू यांचा अंत', आणि कोपऱ्यात रजनीबाईंचा फोटो, त्यावर 'शोकाकुल'. भालचंद्ररावांच्या हातून पिशवी पडली. बाजूच्या टपरीवरची दोन माणसं, चांगला माणूस होता, असं बोलत होती. त्यातल्या एकानं भालचंद्ररावांकडे पाहिलं, मग फ्लेक्सकडे पाहिलं आणि, भाऊ का, म्हणून विचारलं. भालचंद्ररावांना सुचेना, ते हो म्हणाले.

तिथून ते तरातरा बबलूच्या दुकानात गेले. बबलूनं शांतपणे चहा मागवला.

"साहेब, तुमीच लिव्हलं व्हतं 'अंत'," तो म्हणाला. "अंत म्हणलं की आमच्याकडं हाराचंच डिझाईन निघतं."

"पण त्यात माझा फोटो कसा?"

"मंग राजा कोणता? दोनच फोटो व्हते. बाईला तर राजा म्हणता येईना."

या युक्तिवादात भालचंद्ररावांना खोट काढता आली नाही. खरं सांगायचं तर आत कुठंतरी त्यांना बरंही वाटलं. इतक्या वर्षांत त्यांच्या तोंडाकडे पाहून कुणाला राजा आठवला नव्हता. फ्लेक्स ताबडतोब काढायला सांगून ते निघाले, पण शिडी दुसऱ्या कामाला भोकरदनला गेली होती आणि सोमवारशिवाय येणार नव्हती.

घरी येईपर्यंत फोन वाजायला लागला होता. पहिला फोन अंतरवाली सराटीहून रामरावांचा. दोघं अंबडला एका बाकावर शिकलेले.

"कोन बोलून राह्यलं?" रामरावांनी विचारलं.

"मी भालचंद्र."

"भालचंद्र तर गेला."

"कुठं?"

"वरी. नाक्यावर बोर्ड लागलाय. आमच्या अंगदनं फोटू धाडला."

"अरे मी गेलेलो नाही, राजा गेलाय. म्हणजे जाणार आहे. उद्या संध्याकाळी. रजनी मारणार आहे त्याला."

"वयनी मारणार?"

"हो. सगळ्यांसमोर. हॉल घेतलाय. तू ये जरूर."

रामराव येतो म्हणाले. फोन ठेवायचा राहून गेला असावा, कारण पुढचं भालचंद्ररावांना स्पष्ट ऐकू आलं. ते बायकोला, झुंबरबाईला सांगत होते, की जित्ता हाये, पण डोक्यावर परिणाम झालाय, पिशवी भर.

मग पुष्पाबाई पिठलं-भाकरी घेऊन आल्या, कारण अशा घरी चूल पेटत नाही. दार भालचंद्ररावांनीच उघडलं. पुष्पाबाईंनी पदर डोळ्यांना लावलेला असल्यामुळे वर न पाहताच, वहिनींना दोन घास खायला लावा, असं सांगून त्या निघून गेल्या. जिन्यात गेल्यावर त्यांना काहीतरी खटकलं असावं, कारण खालून पातेलं पडल्यासारखा आवाज आला. दिवसभर असंच चाललं. एका जुन्या साहेबांनी तर फोनवर भालचंद्ररावांनाच त्यांच्या आठवणी सांगितल्या आणि त्या चांगल्या होत्या म्हणून त्यांनीही मध्ये अडवलं नाही.

रजनीबाईंना हे सगळं कळलं ते लिहून झाल्यावर. भालचंद्रराव भीत भीत म्हणाले, की फ्लेक्सनं मोठाच गोंधळ झालाय. रजनीबाई मोबाईलवरचा फ्लेक्सचा फोटो लांब धरून, जवळ धरून बघत राहिल्या. त्यांचे डोळे लाल होते. राजा नुकताच गेला होता.

"चुकलंच माझं," भालचंद्रराव म्हणाले. "पहिल्यापासून चुकलं."

"हार मात्र चांगला दिसतोय," रजनीबाई म्हणाल्या आणि त्यांनी त्या दिवसातला पहिला चहा दोघांसाठी टाकला.

रविवारी संध्याकाळी वाचनालयाचा हॉल भरून जिन्यापर्यंत माणसं उभी होती. निम्मी रणकेतूला मारायला आलेली आणि निम्मी भालचंद्ररावांना पोहोचवायला. पांढऱ्या कपड्यातली माणसं भालचंद्ररावांना पाहून ओशाळत होती, पण आलोच आहोत तर बसू म्हणून खुर्च्या धरत होती. पहिल्या रांगेत रूपाली मॅडम पेढ्यांचा खोका मांडीवर घेऊन बसल्या होत्या. त्यांच्या शेजारी रामराव भालचंद्ररावांचा दंड दाबून बघत होते आणि झुंबरबाई, पोरानं इतकं केलं तरी काय, म्हणून अक्षताला विचारत होत्या. अक्षतानं विहिरीची हकिकत सांगितल्यावर त्यांनी पदर खोचला आणि म्हणाल्या, "मंग मारू द्या."

सुरू व्हायच्या आधी पुण्याहून स्वराचा फोन आला. तिला सुट्टी मिळाली नव्हती. आईचं वाचन बाबांनी पहिल्यापासून शेवटपर्यंत रेकॉर्ड करावं, हात हलू देऊ नये, असं तिनं बजावलं. भालचंद्ररावांनी आधी व्यासपीठावर जाऊन रजनीबाईंबरोबर एक सेल्फी काढला, खाली येऊन रेकॉर्डिंगचं बटण दाबलं, मोबाईल छातीसमोर घट्ट धरला आणि समोर पाहायला लागले.

रजनीबाईंचा आवाज पहिल्या दोन वाक्यांना कापला. मग कापला नाही.

राजा रणकेतू तापानं फणफणलेला होता. त्यानं वैद्याला हाक मारली. वैद्य येतो म्हणाला आणि आला नाही. सेनापतीला बोलावलं, तो दाराबाहेर उभा राहून परत गेला. महालातले दिवे एकेक करून विझले आणि कुणी लावायला आलं नाही. आलेला प्रत्येक पेला राजानं भिंतीवर फेकला, कारण प्रत्येकात विष असणार हे त्याला माहीत होतं. इथं हॉलमध्ये मागून कुणीतरी टाळी वाजवली. राधेश्यामनं शीळ घातली. मग पागेतून दाई आली. अंगाला लिदीचा वास, हातात तांब्या. तिच्या नातवंडांनी त्या उन्हाळ्यात पाण्यावाचून जीव सोडला होता. राजानं तिच्या हाताकडे पाहिलं.

"यात काय आहे, दाई?" राजानं विचारलं.

"झोप आहे, बाळा," दाई म्हणाली.

राजाला कळलं. त्यानं तिच्या मांडीवर डोकं ठेवलं आणि दोन्ही हातांनी तांब्या धरून, लहान मूल पितं तसं, न थांबता प्यायला. कारण त्या अख्ख्या राज्यात त्याच्या हाकेला आलेलं ते एकच माणूस होतं. तांब्या रिकामा झाल्यावर दाईनं त्याचं तोंड पुसलं. आणि उजाडेपर्यंत त्याला थोपटत राहिली.

रजनीबाई थांबल्या. टाळ्या वाजल्या नाहीत. इतकी माणसं एका जागी असून इतकी शांतता भालचंद्ररावांनी कधी ऐकली नव्हती. ज्या राजाच्या मरणाला पेढे आणले होते त्याच्यासाठी माणसं डोळे पुसत होती. रूपाली मॅडमच्या मांडीवरचा खोका तसाच बंद होता. राधेश्याम खाली बघत होता. झुंबरबाई उठल्या, व्यासपीठाशी गेल्या आणि त्यांनी रजनीबाईंचा हात हातात घेतला.

"मारायचाच व्हता त्यो," त्या म्हणाल्या. "पण बाई, त्या म्हातारीचं काय? तिला कुनी घरी नेलं का न्हाई?"

"अजून नाही," रजनीबाई म्हणाल्या.

"मंग जल्दी न्या."

तेव्हा कुठं टाळ्या सुरू झाल्या, आणि त्या थांबेनात. रूपाली मॅडमनी घसा साफ करून विचारलं, की दाईच्या हातून मारायचं हे सुचलं कसं. रजनीबाईंनी पहिल्या रांगेकडे बोट केलं. "यांनी सुचवलं."

सगळा हॉल भालचंद्ररावांकडे वळला. बुधवारी हाच मान त्यांनी फुकटात घेतला होता. आज तो खरोखर समोर आला तर त्यांना उचलवेना. मी फक्त पाणी प्यायला गेलो होतो, असं काहीतरी ते पुटपुटले. मग त्यांनी आयुष्यात कधी केलं नव्हतं ते केलं. उभे राहिले आणि भरल्या हॉलमध्ये, मोठ्यानं म्हणाले, "हे सगळं तिनं लिहिलंय. एकटीनं. मी तर परवा वाचलं." आणि बायकोकडे पाहून स्वतःच टाळ्या वाजवायला लागले, मोबाईलसकट.

घरी आल्यावर त्यांनी ते रेकॉर्डिंग स्वराला धाडलं. थोड्या वेळानं तिचा फोन आला. आईचा आवाज फार सुंदर आलाय, ती म्हणाली, शब्द न् शब्द ऐकू येतो. पण आई कुठंय? भालचंद्ररावांनी चष्मा लावला. सेल्फी काढल्यावर कॅमेरा फिरवायचा राहिला होता. पहिल्यापासून शेवटपर्यंत, हात अजिबात न हलवता, त्यांनी स्वतःचं तोंड रेकॉर्ड केलं होतं.

रजनीबाई शेजारी येऊन बसल्या आणि त्यांनी ते सगळं पाहिलं. रणकेतूच्या नावाला भालचंद्ररावांचे दात आवळले जात होते. वैद्य आला नाही तेव्हा ते मान लांब करून दाराकडे पाहत होते. दाई आली तसं त्यांचं तोंड उघडलं ते मिटलंच नाही, आणि तांब्याच्या वेळी गालावरून ओघळ वाहत असताना मिशीखाली हसू होतं, कारण नजर रजनीबाईंवरून हलत नव्हती. मग रजनीबाईंनी तोच व्हिडिओ, जसाच्या तसा, 'सातबुरुज'च्या नव्या भागाखाली लावून टाकला.

सोमवारी सकाळी भालचंद्रराव वाचकांचे अभिप्राय वाचायला ऐटीत बसले. एकेक अभिप्राय ते मोठ्यानं वाचून दाखवत होते आणि पुष्पाबाईंना ऐकू जावं म्हणून खिडकी उघडी ठेवली होती. सगळे रजनीबाईंचं लेखन वाखाणत होते. आपल्याबद्दल कुणी काही म्हटलंय का, हे शोधत ते खाली खाली गेले. शेवटी एक सापडलं. परभणीच्या कुणा बाईंनी लिहिलं होतं, 'ताई, वाचन अप्रतिम. व्हिडिओत समोर बसलेले ते आजारी गृहस्थ आता कसे आहेत?'

खाली रजनीबाईंचं उत्तरही होतं.

'बरे आहेत. लग्नापासून असेच आहेत.'